बर्फाच्या कुरणावर पिवळा रंग

ओल्डवीर, फ्रीसलंड
९ ऑक्टोबर

ती. आफकेताई हिला,
सा. न. वि. वि.

साष्टांग लिहिलं खरं, पण गुडघे आता इतकं ऐकत नाहीत. उभ्याउभ्या घातलेला समजून घे.

तुझ्या कानातलं यंत्र पुन्हा बिघडल्याचं वाचलं. म्हणजे फोन संपला, पत्रंच लिहायची. माझं काही म्हणणं नाही. फोनवर तू बोलतेस आणि मी हं हं करतो, पत्रात निदान माझं घोडं मला पुढे दामटता येतं.

इकडची बातमी एकच. पालिकेने पुढच्या वीस वर्षांचा विकास आराखडा काढलाय. त्याचा नकाशा वाचनालयाच्या भिंतीवर लावला आहे. मी चष्मा घरी विसरून गेलो होतो, तरी पिवळा रंग दिसला. पिवळा म्हणजे घरं. आपलं बर्फाचं कुरण, चर्चमागच्या चरापासून कालव्यापर्यंत, सगळंच्या सगळं पिवळं. सव्वीस घरं बसवणार म्हणे.

नोव्हेंबरात कालव्याचं दार उघडायचं, कुरणात वीतभर पाणी सोडायचं आणि थंडीची वाट बघत बसायचं, हे आपल्या घरचं काम. आधी बाबा गावच्या स्केटिंग मंडळाचे बर्फ-मुकादम, त्यांच्यामागे मी. बर्फ पेलेल इतका जाड झाला की नाही हे मुकादमाने ठरवायचं आणि झाला की खांबावर झेंडा चढवायचा. झेंडा दिसला की गाव स्केट घेऊन धावत सुटतं. पण ताई, गेले चार हिवाळे झेंडा पेटीतच आहे. थंडी येते, दारातून डोकावते आणि कॉफी न घेताच निघून जाते. मी पाणी सोडतो आणि वसंतात काढून टाकतो. मग मेंढ्या येतात.

तरी हरकत लिहिली. आयुष्यातली ही तिसरी. पहिली हमरस्त्याच्या वेळी दिली, रस्ता झाला. दुसरी पवनचक्क्यांच्या वेळी, त्या आता माझ्या न्हाणीघराच्या खिडकीतून फिरताना दिसतात. माझ्या हरकतीला काय गुण आहे ते तुला कळलंच. भुसभुशीत माती, घरं खचतील, असं लिहिलं. पावसाचं पाणी कुठे जाणार, तेही लिहिलं. कुरणात अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना मध्ये घातलं. बर्फाचं सगळ्यात शेवटी लिहिलं, कारण तिथे हात जड झाला. कंटाळा आलाय ताई. दर वेळी त्याच खुर्च्या, तीच पातळ कॉफी आणि नवा तरुण अधिकारी, जो म्हणतो की तुमची भावना आम्ही समजू शकतो.

रेन्स्के आणि तिच्या दोघी मुली अजून माझ्याकडेच, वरच्या मजल्यावर. घटस्फोटानंतर दोन महिन्यांसाठी म्हणून लेक आली, त्याला पाच वर्षं झाली. घरांच्या यादीत तिचं नाव आहे, पण यादी हलत नाही. हरकत मी तिला मोठ्याने वाचून दाखवली. इस्त्री करता करता म्हणाली, छान लिहिलंय बाबा, सही करायला विसरू नका. तेव्हा घरचा पाठिंबा आहे.

लोभ आहे तेवढा पुरे, वाढवलास तर टपालाला जड होईल.
तुझा धाकटा,
डौवे


ओंटारियो, कॅनडा
३० ऑक्टोबर

चि. डौवे यास,
अनेक उत्तम आशीर्वाद. आशीर्वाद उत्तमच असतात, घेणारा कसा निघतो ते बघायचं.

पत्र वाचून आधी हसू आलं. इथे आमच्या घरामागचं तळं हिवाळाभर दगडासारखं गोठलेलं असतं, त्यावर ट्रक नेला तरी चालेल. आणि लोक कुठे जातात, तर पैसे भरून बंद हॉलमध्ये, छपराखाली स्केटिंग करायला. दात आहेत तर चणे नाहीत आणि चणे आहेत तर दात नाहीत, दुसरं काय!

मलाही त्या कुरणाचं वाईट वाटतं, नाही असं नाही. तुला आठवत नसेल, तू फार लहान होतास. एका वर्षी गावोगावची माणसं स्केट गळ्यात घालून कुरणाच्या कडेला उभी होती आणि बाबा झेंडा चढवेनात. शेवटी महापौर स्वतः आले. म्हणाले, लोक लांबून आलेत हो. बाबा म्हणाले, बर्फाला ते ठाऊक नाही. पुढे आठवडाभर दुकानात आईशी कोणी धड बोललं नाही. पण त्यानंतर झेंडा दिसला की कोणी पायाखाली बघत नसे.

आता खरं बोलते, राग आला तर येऊ दे. त्या सव्वीस घरांतलं एखादं कोणाचं होऊ शकेल, हे तुझ्या डोक्यात आलं का? घरचा पाठिंबा आहे म्हणे! अरे गाढवा, इस्त्री फिरवणारी बाई जेव्हा म्हणते की सही करायला विसरू नका, तेव्हा ती काय बोलत नाहीये ते ऐकायचं असतं. माझा तर कान गेलाय, तुझे दोन्ही चांगले आहेत. तिला विचार. टेबलाशी बस, वर्तमानपत्र बाजूला ठेव आणि विचार. तुला तेवढं जमलं तर मी इथे मेणबत्ती लावीन.

थंडी तुला मिळो, अक्कल त्याच्या आधी मिळो.
तुझी,
आफकेताई


ओल्डवीर
२४ नोव्हेंबर

ती. आत्या,
शि. सा. न.

तुला मी एरवी नाताळला तेवढं लिहिते, म्हणून पाकीट बघून घाबरू नकोस. सगळे बरे आहेत. बाबांनी काल कालव्याचं दार उघडलं. कुरणात पाणी भरतंय. ते काठावर हात मागे बांधून उभे असतात, अगदी सिनेमा सुरू व्हायची वाट बघितल्यासारखे.

आत्या, मी एक केलंय आणि ते त्यांना सांगितलेलं नाही. आराखड्यावर मीही पालिकेला लिहिलं. त्यांची हरकत, माझी सूचना. घरं बांधा, असं लिहिलं. शेवटच्या दिवशी शेवटच्या तासाला दिलं.

मी म्हाताऱ्यांची घरपोच सेवा करते ते तुला माहीत आहेच. दिवसभर अशा घरांत जाते जिथे एक बाई किंवा एक बुवा राहतो आणि वर तीन खोल्या बंद असतात. त्यांची मुलं सुटीत येणार म्हणून पलंगांवर चादरी घातलेल्या. पायमोजे चढवून देते, औषध देते, आणि रात्री घरी येऊन दोघी मुलींच्या मध्ये झोपते. बाबा कधी एका शब्दाने टाकून बोलले नाहीत. पण मी जिना उतरताना अजून चप्पल हातात घेते, त्यांची झोप मोडू नये म्हणून. छत्तीस वर्षांची बाई मी! थकले गं.

आणि तरी त्या कुरणावरून जाताना सायकल आपोआप हळू होते. स्केट घालून पहिल्यांदा मी तिथेच पडले. बाबांनी उचललं नव्हतं, म्हणाले, उठायचं कसं ते आधी शिक.

पालिका सगळ्या हरकती-सूचना छापून एकत्र बाड करते, नावासकट. बाबा ते पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणार, त्यांना दुसरं काम काय आहे. मी आधी सांगू, की वाचू देऊ? तू त्यांना माझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखतेस.

उत्तर लवकर दे आणि आशीर्वाद दे. उपदेश दिलास तरी चालेल.
तुझी,
रेन्स्के


ओंटारियो
८ डिसेंबर

चि. रेन्स्के हीस,
पोटभर आशीर्वाद.

आज सांग. हे पत्र हातात असतानाच खाली जा, चप्पल घालून. तुझा बाप वाईट नाही, पण त्याला दाखवल्याशिवाय दिसत नाही. आमच्या घरात सगळे पुरुष असेच निघाले, हवामानाचं तेवढं त्यांना आधी कळतं.

तू काही चूक केलेली नाहीस. हे तुला कोणीतरी म्हणायला हवं होतं, म्हणून मी म्हणते.

माया आहेच, ती मागावी लागत नाही.
आत्या


ओल्डवीर
२० डिसेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पालिकेचं बाड आलं. माझी हरकत आहे, तिच्याखाली पक्षिमित्रांची, आणि अगदी शेवटी रेन्स्केची सूचना. नाव वाचलं तेव्हा वाटलं दुसरी कोणी रेन्स्के असेल. मग पत्ता वाचला. पत्ता माझाच होता.

रागावलो नाही. खरं सांगतो, रागवायला अंगात काही शिल्लक असावं लागतं. तिने संध्याकाळी येऊन सांगितलं, तुझं पत्र त्याच दिवशी आलं होतं. मी म्हणालो, वाचलं मी. ती म्हणाली, मग? मी म्हणालो, प्रत्येकाला अधिकार आहे. मग आम्ही लवंगांच्या चीजबद्दल बोललो, यंदा लवंगा कमी घातल्यात म्हणून. तू सांगितलंस तसं वर्तमानपत्र बाजूला ठेवलं होतं, पण विचारायचं राहून गेलं. काय विचारणार? तिने तर छापूनच सांगितलं.

पण मला खरं टोचलं ते दुसरंच. प्रत्येक हरकतीखाली पालिकेने आपलं उत्तर छापलंय. माझ्याखाली दोन ओळी. म्हणे, सदर जागेचा स्केटिंगसाठीचा वापर प्रत्यक्षात थांबलेला आहे, सबब हरकत मान्य करता येत नाही. थांबलेला! मी दर वर्षी पाणी सोडतो, काठावरचं गवत कापतो, झेंडा उन्हात टाकतो. त्याला वापर म्हणत नाहीत. बर्फ धरला पाहिजे, तरच तो वापर.

जानेवारीच्या शेवटी सुनावणी आहे. प्रत्येकाला पाच मिनिटं. त्याआधी एका शनिवारी नगरसेवक जागा बघायला येणार. त्या शनिवारी त्यांना पाणीच दिसलं, तर संपलं. रोज हवेचा अंदाज ऐकतो. पाऊस सांगतात.

नाताळच्या शुभेच्छा. लोभ असू दे, मला सध्या लागतोय.
डौवे


ओल्डवीर
१८ जानेवारी

ती. आत्या,
शि. सा. न.

हे पत्र मी गाडीत बसून लिहितेय, घरात लिहिता येईना.

मंगळवारपासून थंडी पडली. खरी थंडी, नाक झोंबणारी. बाबा दहा वर्षांनी तरुण झाले. जेवताना उठून बाहेर जायचे आणि थर्मामीटर बघून परत बसायचे. मुलींनी स्केट काढून तेल लावलं. मलाही बरं वाटत होतं आत्या, सूचना दिली ती दिली, पण थंडी पडली की आपल्या माणसांना काय होतं ते तुला सांगायला नको.

शनिवारी सकाळी एका आजीबाईंना आंघोळ घालून मी परत येत होते. उजाडत होतं. बाबा कुरणात बर्फावर एकटे होते, हातात गिरमिट. त्यांनी भोक पाडलं, काठी घालून जाडी बघितली. थोडा वेळ तसेच उभे. मग सरकून दुसरीकडे पाडलं. मग तिसरीकडे. बाबा एकदाच मोजतात, हे मला लहानपणापासून माहीत आहे. पहिलं उत्तर आवडलं नाही तरच माणूस तीनदा विचारतो. त्यानंतर ते खांबाकडे गेले आणि त्यांनी झेंडा चढवला.

मी सायकलवरून उतरले आणि काहीच बोलले नाही. माझ्या सूचनेमुळे बोलले नाही. बोलले असते तर गाव म्हणालं असतं की हिला घर हवंय म्हणून बर्फ नको.

दुपारपर्यंत सगळं गाव आलं. मी मंडळाच्या खोपटात वाटाण्याचं सूप वाढत होते. नगरसेवक आले, त्यांच्यातल्या वेनेमाबाईंनी तर कोणाचे तरी स्केट मागून घेतले. बाबा काठावर होते, एकदाही बर्फावर उतरले नाहीत. मग मध्यभागी आवाज आला, लांबलचक, आणि बर्फ खाली बसला. पाणी वीतभरच, बुडायला काही नाही, म्हणून लोक आधी किंचाळले आणि मग हसतच सुटले. वेनेमाबाई पोटरीभर पाण्यात उभ्या राहून हसत होत्या. बाबांचा दोस्त हार्मेन मात्र बर्फाच्या कडेवर हातावर पडला. मनगट मोडलं. मीच बांधलं. तो बाबांना म्हणाला, अरे, झेंडा होता म्हणून मी बघितलंच नाही.

बाबांचा चेहरा तेव्हा बघवेना.

पण पुढचं ऐक. कोणी त्यांना दोष दिला नाही. ऊन पडलं, गर्दी जास्त झाली, असंच सगळे म्हणाले. ओले मोजे शेगडीवर वाळत घालून वेनेमाबाई म्हणाल्या की असं काही नकाशावर दाखवता येत नाही, हे कुरण पिवळ्यातून काढायला मी सभेत बोलेन. बाकीचेही माना डोलवत होते. म्हणजे बाबा जिंकले. तिसऱ्या हरकतीला गुण आला. मी त्यांच्या वाटीत सूप वाढलं आणि त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. मला माहीत आहे हे त्यांना माहीत आहे, असं मला वाटतं.

घर गेलं, पुढचा आराखडा येईपर्यंत मुली मोठ्या होऊन जातील. पण मला रडू त्याचं येत नाहीये. बाबांनी झेंडा चढवला, त्याचं येतंय.

तुझी,
रेन्स्के


ओल्डवीर
३० जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि. आज मात्र खरोखर वाकून.

सगळं रेन्स्केने तुला कळवलं असणार, तेव्हा नमनाला घडाभर तेल घालत नाही. बर्फ तयार नव्हता. तीन जागी मोजला, तिन्ही जागी कमी भरला. मी मनाशी म्हणालो, उन्हाच्या आत उरकेल, तासाभराचा तर प्रश्न आहे, यांना एकदा दिसू दे. बाबांचं नाव काढू नकोस, ते माझं मीच काढून झालंय.

काल सुनावणी झाली. सभागृह भरलेलं. मला बघून लोक टाळ्या वाजवायला लागले, वर्तमानपत्रात फोटो आला होता ना, सगळे पाण्यात उभे राहून हसताना. माझ्याकडे भाषण लिहिलेलं होतं, पक्ष्यांसकट. ते खिशातच ठेवलं. मी म्हणालो, "तुम्ही आलात त्या दिवशी बर्फ तयार नव्हता. मला माहीत होतं. झेंडा मी तुमच्यासाठी चढवला. हार्मेनचं मनगट माझ्यामुळे मोडलं. हरकत मी मागे घेतो, आणि मुकादमकीही सोडतो." पाच मिनिटांतलं एकही धड संपलं नाही. अध्यक्ष घड्याळाकडे बघत राहिले. हार्मेन दुसऱ्या रांगेत होता, हात गळ्यात. बाहेर पडताना म्हणाला, गाढवा, हे माझ्या घरी येऊन सांगायचंस, मला ह्या पातळ कॉफीसाठी इथवर आणलंस. एवढंच. पण हात खांद्यावर ठेवला नाही.

माझ्यानंतर रेन्स्केचा नंबर होता. मला वाटलं ती उठणार नाही. ती उठली आणि लिहून आणलेलं सगळं वाचलं, एक शब्द गाळला नाही. म्हणाली, अर्ध्या गावाच्या किल्ल्या माझ्या कमरेला आहेत. रोज रात्री मी लोकांना झोपवते, त्यांची दारं बाहेरून लावते. त्या जुडग्यात माझी किल्ली एकही नाही. ताई, ते जुडगं मी रोज बघतो. आल्यावर ती ते माझ्या टेबलावरच ठेवते.

कुरण पिवळंच राहणार, मार्चमध्ये मतदान. घरं व्हायला कितीतरी वर्षं लागतील आणि मिळणार ती सोडतीने. चिठ्ठी तिच्या नावाची निघेलच, असं कोणी सांगत नाही. तेव्हा कुरण गेलं, आणि पोरीला घर मिळालं असंही नाही.

मला वाटलं होतं, ती निदान चांगलं म्हणेल. छे. ती माझ्या पुढे सायकल मारत घरी गेली, आणि मी पोचलो तेव्हा कोट न काढता स्वयंपाकघरात उभी होती. म्हणाली, सगळ्यांसमोर मला घर दान केलंत. मी मागितलं होतं तुमच्याकडे? झेंडा चढवतानाही मला विचारलं नाहीत आणि उतरवतानाही नाही. वर मुली जाग्या झाल्या इतका तिचा आवाज होता. पाच वर्षांत या घरात तिचा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

मग मी बसलो. तिलाही बस म्हणालो. विचारलं, तुला काय हवंय?

तिने कोट काढला आणि समोर बसली. मग म्हणाली, गावातच हवं. आपलं दार हवं, आतून लावता येईल असं. जिना हवा, तुमची झोप मोडेल म्हणून चप्पल हातात न घेता उतरता येईल असा. आणि फार लांब नको, तुमचा स्वयंपाकघरातला दिवा दिसला पाहिजे, नाहीतर तुम्ही विसरलात की रात्रभर जळत राहील. एवढं सांगितलं आणि रडली. मीही.

ताई, जन्मभर थंडीत रोज पहाटे उठून बर्फाला विचारत आलो, किती झालास बाबा, पेलशील का. पोर पाच वर्षं माझ्या डोक्यावर चप्पल हातात घेऊन चालत होती. तिला एकदा विचारलं नाही.

तू मेणबत्ती लावणार होतीस. उशीर झालाय, पण लाव.
तुझा,
डौवे